पूर्णविरामाला दोन

त्या वर्षी कर्जत स्टेशनापलीकडच्या कापणी झालेल्या खाचरात मुक्या चित्रपटांचा तंबू लागला. ताशा वाजवत फिरणारा माणूस ओरडायचा, "पांगळ्या बापानं पोर वाढवली हो! पदर भिजल्याबिगर घरी जायाचं नाय!"

ओटीवर बसलेले अप्पा हसले. "चल, जाऊ या. मी आंधळा, तो पांगळा. दोघांचं मिळून एक धड माणूस होईल."

अप्पा माझे वडील. मी लहान असतानाच आई गेली आणि पुढच्या वर्षी मास्तर असलेल्या अप्पांचे डोळे गेले. तरी मला अक्षरं त्यांनीच शिकवली, धूळपाटीवर माझं बोट धरून. वाचताना म्हणायचे, "स्वल्पविरामाला एक मोजायचं, पूर्णविरामाला दोन." पुढे मामांनी मुंबईच्या इंग्रजी शाळेत घातलं. मॅट्रिक होऊन मी परत आले होते. तोवर अप्पांजवळ आजी होती; ती गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो.

मला तंबूत जायचं नव्हतं. चारच दिवसांपूर्वी त्या शाळेचं पत्र आलं होतं. जूनपासून लहान वर्ग शिकवायला बोलावलं होतं. घरातलं प्रत्येक पत्र मी अप्पांना वाचून दाखवायची. हे मात्र "मैत्रिणीचं आहे, लग्न ठरलंय तिचं" असं सांगून मी मनच्याच चार ओळी वाचल्या आणि घडी घालून ठेवलं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. तांदूळ निवडायला घ्यायची आणि अर्ध्यावर उठून उगाच विहिरीपर्यंत जाऊन यायची.

तंबूत मधोमध दोरी बांधली होती. अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. अप्पा दोरीला टेकून पलीकडे बसले, मी अलीकडे. पडद्यावरची अक्षरं इंग्रजी आणि गुजराती होती. मी वाकून त्यांच्या कानात सगळं सांगत होते. पांगळा बाप पोरीला पाठीवर बांधून हातांवर सरकत पाणी आणतो, हे ऐकून अप्पांनी मान हलवली. "खांदे मजबूत असणार."

मग पोर मोठी झाली. ट्रंक घेऊन गाडीत चढली. बाप फलाटावर सरकत सरकत डब्यामागे जात राहिला.

"ती उतरली," मी म्हणाले, "परत आली आणि बापाला घरी घेऊन गेली आणि आता दोघं जेवतायत."

माझ्या मागे डोंगराकडच्या वाडीतल्या दोघी बसल्या होत्या.

"गेली गं बया! बापाला टाकून गेली!"

"गप गं. मंग काय, जलमभर त्याच्या पाठीवरच बसंल व्हय?"

घरी जाताना नेहमीसारखं छत्रीचं एक टोक माझ्या हातात होतं, मूठ त्यांच्या. मी भराभर चालत होते. छत्री ताणली गेली, तसे ते म्हणाले, "हळू."

सकाळी चहा झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. "त्या मैत्रिणीचं पत्र आण. पुन्हा वाच."

"का?"

"खरं वाचतेस तेव्हा पूर्णविरामाला थांबतेस. मनचं सांगताना थांबत नाहीस. काल थांबली नाहीस. त्या दिवशीही नाही."

मी पत्र आणलं. एकेक वाक्य मराठीत सांगत गेले, थांबत थांबत. जूनचं वाक्य झाल्यावर पत्राची घडी घातली.

"पुढे?"

"पुढे सही आहे."

"मग दौत घे. उत्तर मी सांगतो, तू इंग्रजी कर." त्यांनी घसा साफ केला. "आपले पत्र मिळाले. मुलगी येईल."

मी लिहिलं आणि दोन मोजले. अप्पा पुढचं सांगेनात. मी मोजत राहिले.