नकाशावरचे तीन लाल ठिपके

जालन्याहून मंठ्याची पहिली एसटी पकडली, तेव्हा माझ्या पिशवीत हातोडा, जीपीएस आणि एक रंगीत नकाशा होता. नकाशा कसला, माझी तीन वर्षंच होती ती. खडकांचे थर, जमिनीची उंची, ओढ्यांच्या वाटा असं सगळं संगणकात भरून मी त्याला विचारलं होतं, की लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या जुन्या तळ्यांचे जीवाश्म कुठे मिळतील? उत्तरादाखल त्याने एक लालसर पट्टा दाखवला आणि त्यावर तीन ठळक ठिपके. "या खेपेला हात हलवत परत आलीस, तर विषय बदलायचा," असं माझ्या पीएचडीच्या सरांनी निघताना बजावलं होतं.

पहिल्या ठिपक्यावर तुरीचं शेत निघालं, दुसऱ्यावर काळाकुट्ट कातळ. दोन दिवसांच्या तंगडतोडीची कमाई म्हणजे टाचेत रुतलेला एक काटा. रडूच यायचं बाकी होतं.

तिसऱ्या दिवशी फाट्यावर गफूरचाचांच्या हॉटेलात चहाला थांबले. चाचांनी आयुष्यभर विहिरी खोदल्या होत्या. गुडघे गेल्यावर हे हॉटेल टाकलं.

"काय हुडकून राह्यल्या, ताई?"

"गारगोटीसारखा पांढरा दगड. त्यात बारीक शंख असतात."

"पांढरा? त्यानं तं माह्या पहारी खाल्ल्या! काळा पाषाण फोडला, की मांजऱ्या (ठिसूळ खडक), अन् मंग हातभर पांढरा थर. लई शिव्या दिल्या त्याला."

चाचा लंगडत सोबत आले. तिसरा ठिपका म्हणून जीपीएसने आम्हाला नेमकं हरभऱ्याच्या शेतात उभं केलं.

"हितं न्हाई," चाचा म्हणाले. "तिकडं, त्या लवणात (खोलगट जागेत)."

"चाचा, हे यंत्र आकाशातल्या उपग्रहाला विचारून सांगतं," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"ते वरून सांगतंय. मी खालून सांगून राह्यलो. चला जल्दी."

वायव्येला दोनशे पावलांवर लवण होतं. त्याच्या कडेला पांढरा थर उघडा पडला होता. हातोड्याचा पहिला घाव बसला, दगड उकलला आणि आत नखाएवढे शंख! मी चक्क ओरडले. मग खाली बसून कपाळावर हात मारला. नकाशा केला होता जुन्या मोजणीच्या कागदांवरून, आणि जीपीएस चालत होता नव्या मोजणीवर. दोघांचा मेळ घालायलाच मी विसरले होते. संगणक बरोबर होता, चुकले होते मी. आणि चुकल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

जीपीएस जुन्या मोजणीवर लावून दुपारी आधीच्या दोन्ही ठिपक्यांकडे धावले. दोन्हीकडे शंख मिळाले!

मंठ्याच्या एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला.

"काही मिळालं?"

"तिन्ही ठिकाणी, सर."

"विषय तोच ठेव," सर एवढंच म्हणाले.

परतताना फाट्यावर उतरून निरोप घेताना चाचांच्या हातावर एक शंखाचा दगड ठेवला. ते त्यावर अंगठा फिरवत राहिले. "इतक्या विहिरी खांदल्या, पन आत कोन ऱ्हातं ते बघितलंच न्हाई." मग जिथे जिथे पांढरा थर लागला होता, त्या सगळ्या विहिरी त्यांनी मला गावा-शिवारासकट बोटांवर मोजून सांगितल्या.

परतीच्या एसटीत मांडीवर नकाशा पसरला आणि एकेक विहीर पेनाने मांडत गेले. पहिली लाल पट्ट्यात पडली, दुसरीही. शेवटची मांडली तेव्हा पट्ट्याबाहेर एकही नव्हती. चाचांनी पहारीने केलेला नकाशा आणि माझा नकाशा एकच होता. मी एवढ्या मोठ्याने हसले, की शेजारच्या बाईंनी आपली पिशवी जवळ ओढून घेतली.