‘चूक झाली’ म्हणू न देणारे आप्पा

सोपानराव आप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पशुखाद्य चघळत होते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी शिरूरजवळच्या त्यांच्या कारखान्यात नोकरी मागायला गेले होते. समोरच्या पोत्यातली चिमूट तोंडात टाकत ते म्हणाले, "गाय काय तक्रार घिऊन यायची न्हाई, ताई. मंग चव कुणी बघायची?" तेव्हापासून वीस वर्षं मी त्यांच्याकडे माल तपासणीचं काम करते आहे. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिताना भक्तीच्या भरात जास्तीचं काही लिहिलं जाऊ नये, म्हणून जुन्या डायऱ्या काढून बसले.

आप्पांनी व्यवस्थापनाचं पुस्तक कधी उघडलेलं नाही. ते माणसं बघतात. कामावर येणाऱ्या बायकांना सकाळी हमखास उशीर व्हायचा आणि रोज नवी सबब ऐकावी लागायची. आप्पांनी दंड लावला नाही, सकाळची कामाची वेळच उशिराची केली. म्हणाले, "गोठा आवरल्याबिगर बाईचं मन हितं लागत न्हाई. आपणच त्यांना खोटं बोलाया लावतोय." दुसऱ्या दिवसापासून सबबी बंद झाल्या.

पण आप्पा मला खरे कळले ते एका दुपारी. खाद्यात युरिया अगदी थोडा घालायचा असतो. तो वाढला तर जनावर दगावू शकतं. तेव्हा आम्ही तो घमेल्याने मोजत असू. सकाळच्या मालाचा नमुना मी तीन वाजता तपासला, तर युरिया जवळजवळ दुप्पट. तो माल घेऊन एक टेम्पो पाबळला आणि एक खुटबावला कधीच पोचला होता. मिसळणीवर नव्याने आलेल्या चंद्रकलामावशींना मी विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "शीग लावून घातलं की मॅडम. सपाट माप कुणी घालतं व्हय? घरी कुणाला दाणं दिलं तरी वर ढीग येतोच."

कागद हातात धरून मी पंधरा मिनिटं नुसती उभी राहिले. त्या मिनिटांची लाज मला अजून वाटते. मग आप्पांकडे जाऊन म्हटलं, "आप्पा, चूक झाली."

"झाली म्हंजी? ती काय जांभई हाय व्हय, आपसूक यायला? कोण चुकलं?"

"मिसळणीवर चंद्रकलामावशींनी..."

"त्यांना सपाट भरा म्हणून कुणी सांगितलं व्हतं?"

कुणीच नाही. ते माझं काम होतं. "मी चुकले, आप्पा."

"आन् तराजू न घेता मी घमेल्यावर भागवलं, म्हंजी मीबी चुकलो. चला, गाडी काढा. धारांच्या आत पोचायचं."

संध्याकाळी धार काढताना गाईंपुढे खाद्य ठेवतात. हातात दोन तास होते. मी पाबळला निघाले, आप्पा खुटबावला. तिथे घडलेलं मला नंतर कळलं. तिथला दुकानदार त्यांना विनवू लागला, "आप्पा, गपचिप बदलून देऊ. बोभाटा कशाला?" आप्पा थेट देवळाच्या भोंग्यावर गेले आणि स्वतःचं नाव सांगून म्हणाले, "आज आलेलं आमचं खाद्य जनावरांना घालू नका. कारखान्याचा मालक म्हणून मी चुकलोय." एका आजोबांनी गाईच्या तोंडापुढून घमेलं ओढलं आणि ते घेऊनच देवळापाशी आले. "आप्पा, आमची गाय तुमच्या नावानं हंबरतीय आता!"

"हंबरू द्या मामा," आप्पा म्हणाले. "हंबरतीय म्हंजी धड हाय!"

दोन्ही गावांतलं प्रत्येक पोतं परत आलं. एकाही जनावराला काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात त्याच दुकानदाराने आधीपेक्षा जास्त माल मागवला. "लोक म्हणत्यात, चुकलं तर सांगणारा मालक हाय," असं तो फोनवर सांगत होता आणि आप्पा तो फोन कानापासून लांब धरून आम्हा सगळ्यांना ऐकवत होते.

दुसऱ्या दिवशी चंद्रकलामावशी डबा न आणताच आल्या; आज घरी पाठवणार, असं धरून चालल्या होत्या. आप्पांनी त्यांना नव्या तराजूपुढे उभं केलं. "मावशी, तुमचा हात सढळ हाय, ते ब्येस हाय. त्याला आवर घालायचं काम या तराजूचं. तराजू तुमच्या ताब्यात." आज नव्या कामगारांना मिसळण त्याच शिकवतात, आणि मला त्यांचा धाक वाटतो.

आमच्याकडे नंतर चुका थांबल्या असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. लपवणं मात्र थांबलं. चूक सांगायला येणाऱ्याला आप्पा आधी बसवतात, चहा देतात. रागावतात ते चहा संपल्यावर, आणि तेही नीट रागावतात!

आप्पा, पंचाहत्तरी झाली म्हणून आराम करण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा. तुमच्यासमोरच्या खुर्चीत बसून ‘मी चुकलो’ म्हणायला शिकलेली आम्ही शंभरावर माणसं आहोत आणि अजून पुष्कळ चुकणार आहोत. तुमचे गुडघे, तुमचे कान आणि तुमचा राग पुढची पंचवीस वर्षं ठणठणीत राहोत.