अर्धुलीच्या हनुवटीवरचा तीळ

एखाद्याने घरी नवा देव तयार केला की शेजारी आधी दानपेटी शोधतात. माझ्या भाऊजींकडे दानपेटी नव्हती, त्यामुळे लोकांचा संशय आणखीच वाढला.

भाऊजी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत. फ्लेक्स आले, पाट्या गेल्या, आणि उरलेले सगळे रंग त्यांनी बेसा गावातल्या आपल्या घराच्या भिंतींवर ओतले. बघता बघता एक अख्खं पुराण उभं राहिलं. सुरुवातीला एकटा एकलदेव होता. तो इतका पूर्ण होता की त्याला कशाचीच ओढ नव्हती. कंटाळून त्याने आपली छाती चिरली. आतून अर्धुली निघाली आणि पळत सुटली. सावनेरच्या कोळशाच्या खाणीतून काळी झाली, काटोलच्या संत्र्यांच्या बागांतून केशरी झाली. एकलदेव तिला अजून शोधतोय, आणि त्या शोधालाच आपण जग म्हणतो. प्रत्येक चित्राखाली एक ओवी, आणि अक्षरांना मिठाईच्या दुकानावर असते तशी लाल सावली.

मला हे पुराण फार आवडलं. माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, मात्र अर्धुलीच्या हनुवटीवरचा तीळ खटकला.

"सगळ्या चित्रात एकाच जागी आहे," ती मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली. "मनातून काढलेल्या बाईले तीळ काहून लागते गा? कोणाचा तरी पाहूनच काढला असंन."

"कोणाचा वं?"

"काटोलची असंन कोणी. तुहे भाऊजी पाट्या रंगवाले तिकडेच तर जात होते. तू विचार त्याईले."

अशी कामगिरी मी कधी नाकारत नाही. मी भाऊजींच्या शेजारी बसकण मारली, ब्रश धुऊन दिले आणि अगदी सहज विचारलं, "भाऊजी, ही बाई कुठली?"

"आतली."

"काटोलच्या आतली?"

ते अर्धुलीच्या कानाला सावली देत राहिले. "साळेबुवा, प्रत्येकाची एक असते. तुमचीही असंन. तुम्ही शोधून नाही राहिले, एवढंच."

हे मी ताईला शब्दशः, हातवाऱ्यांसकट सांगितलं. तिने गॅस बंद केला. "दिवाळी झाली की सावनेरले पोरीकडे जातो मी राहाले. या घरात दोघी नाही राहणार."

त्यानंतर नवराबायकोचं बोलणं भाजी आणि मिठापुरतं उरलं.

तेवढ्यात भाऊजींचे काका वारले. दहाव्याला घाटावर सगळे भाऊबंद ओळीने न्हाव्यापुढे बसले. भाऊजींची दाढी लग्नाच्या आधीपासूनची, दाट. ती उतरली आणि खाली हनुवटीवर, अगदी त्याच जागी, तीळ. मी टाळी देणार होतो. घाटावर आहोत हे आठवून हात आवरला.

घरी ताई पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन दारात उभी होती. भाऊजींचा चेहरा पाहिला आणि तांब्या तसाच राहिला.

"हा तुमचा?"

"माहाच." भाऊजींनी हनुवटी चाचपली. "माह्यातून निघाली, तर माह्यासारखीच असंन न."

माझ्या मते प्रकरण मिटलं होतं. ताई मात्र दारातून हलली नाही.

"म्हणजे शोधणारे तुम्ही अन् सापडणारीही तुम्हीच. मंग या घरात मी कोण आहो?"

प्रत्येक भिंतीला ओवी पुरवणाऱ्या या माणसाने ताईच्या खांद्यावरून आतल्या भिंतींकडे पाहिलं.

"तू त्यात नाही."

"तेच तर विचारून राहिली मी."

"अर्धुलीले शोधा लागते. तुले कुठं शोधा लागते? तू आवाज देते, मी जेवाले येतो."

ताईने डोळे बारीक केले. "हे कोणत्या भिंतीवर लिवलं आहे?"

"कुठीच नाही."

"लिवूही नका," ती म्हणाली आणि त्यांच्या पायांवर पाणी घातलं.

ती सावनेरला गेली नाही. पण रंगाचा डबा उघडल्याचा वास आला की अजूनही हातातलं काम टाकून बाहेर येते, आणि ते काय काढतायत ते उभी राहून बघते.