साहेबाची काळी चकती

खंडेनवमी होती आणि मी माहूज भागात एका जपानी इंजिनिअरच्या फ्लॅटवर एसीचे फिल्टर धूत होतो. साल विचारू नका... नव्वदनंतरचं काहीतरी. बहरीनमधली माझी ती तिसरी नोकरी, एवढं पक्कं आठवतं.

साहेब एकटाच राहायचा, आपल्या हातानं चहा करून द्यायचा. त्याच्या टेबलावर तळहाताएवढी काळी लोखंडी चकती असायची. मध्ये फट, बाजूला आरपार कोरलेला बगळा, पंखावर सोन्याची बारीक तार. जपानी तलवारीच्या मुठीपुढे बसते ती... त्सुबा म्हणतात. तलवार कधीच गेली होती. वडिलांची एवढीच खूण उरलेली.

मला आपलं घर आठवत होतं. बाबांनी आज कोयता, करवत, पक्कड सगळं घासून लख्ख केलं असेल, पाटावर मांडून झेंडू वाहिला असेल... आणि इथं हे तलवारीचं लोखंड सणाच्या दिवशी असं काळंकुट्ट?

साहेब आत फोनवर होता. मी बॅगेतून पॉलिश पेपर काढला आणि अर्धी चकती चांदीसारखी चमकवली. बगळ्याला हात लावला नाही, तेवढी अक्कल होती.

साहेब बाहेर आला. बघितलं आणि खुर्चीत बसलाच. ओरडला नाही. तुटक इंग्लिशमध्ये म्हणाला, हा काळा रंग म्हणजे मळ नव्हे. वडील रोज हातात घेऊन चोळायचे, त्यांच्या हाताचा आहे तो.

उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या खोलीवर गौतमदादाला सांगितलं. तो नागपूरचा, टायपिस्ट. म्हणाला, "अबे, कॉम्प्रेसर जळला तर नवा बसवशील. त्याचा बाप कुठून आणतो बे?"

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. मनात म्हटलं, कंप्लेंट गेली असणार, नोकरी खलास.

साहेबानं चकती माझ्याच हातात ठेवली. खिशात ठेव, रोज चोळ, दर शुक्रवारी आणून दाखव. काळी होईपर्यंत कुठं जायचं नाही.

एका जागी न टिकणारा मी, त्या चकतीपायी दीड वर्ष टिकलो! घामानं आधी तांबूस गंज चढला, मग चोळून चोळून तपकिरी. साहेब दर शुक्रवारी उजेडात धरायचा, "नॉट येट" म्हणायचा आणि चहा ठेवायचा. त्या परक्या मुलखात माझी वाट बघणारं कुणीतरी होतं...

मग त्याची बदली झाली. रंग अजून पुरता चढला नव्हता. मी म्हटलं, सर, थोडं राहिलंय. त्यानं दोन्ही अर्ध्या भागांवर बोट ठेवलं. "हिअर, माय फादर. हिअर, यू." रुमालात गुंडाळली आणि गेला.

पुढं कित्येक महिने माझा हात रिकाम्या खिशात जायचा.

बाबा गेले तेव्हाही मी तिकडेच होतो. आता खंडेनवमीला घरातलं सगळं मी लख्ख घासतो, फक्त त्यांची पक्कड सोडून. बायको म्हणते, एवढी एकच काय काळी ठेवलीत... मी ती नुसती हातात धरून बसतो.