आईच्या कमरेखालची हवा

फर्स्ट पीयूच्या, म्हणजे अकरावीच्या, वर्गाला मी वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे, आणि एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. पोरांना कळत काही नाही, पाठ मात्र सगळं असतं. दाब कायम असताना वायूचं आकारमान निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतं, हे वाक्य कुणालाही उठवून विचारा, धडाधडा म्हणून दाखवील. मग गणित घाला. दुपारी पस्तीस अंशाला भरलेला फुगा पहाटे पंधरा अंशाला केवढा होईल? दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे विसरून निम्मी पोरं फुग्याचा पार चिमटा करून ठेवतात. असले पेपर तपासताना मला कीव येत नाही, किळस येते.

गेल्या वर्षी परीक्षेच्या आधी आई मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती खाटेवरून उठेना. महिन्याभरात माकडहाडावर जखम झाली. डॉक्टर म्हणाले, ही आत हाडापर्यंत गेली तर या वयात भरून येणार नाही, तिथे भार पडू देऊ नका. म्हणून भावाने मेडिकलमधून रबराची हवा भरायची रिंग आणली. ती कमरेखाली ठेवली की जखम मधल्या पोकळीत अधांतरी राहते.

आमचं घर वडगावात. मागे पत्र्याच्या शेडमध्ये भावाचे माग आणि शेडला लागून, त्याच पत्र्याखाली, आईची खोली. आईचं सगळं करायची ती भावजय. दुपारी माग थांबले की ती आईला पुसून घ्यायची, जखम साफ करायची आणि रिंग तोंडाने फुंकून भरायची. मी तेव्हा कॉलेजात असायचे. संध्याकाळी यायचे आणि चुका काढायचे. घरात शिकलेलं माणूस असावं लागतं ते त्यासाठीच, असा माझा समज होता.

चार-पाच दिवसांत तक्रार सुरू झाली. पहाटे रिंग ढिली पडायची, आईची कंबर जवळजवळ खाटेला टेकायची आणि आई कण्हायची. मी रिंग बादलीत बुडवून दाबली. एकही बुडबुडा आला नाही. दुसरं कुणी असतं तर भोक नाही असं म्हणालं असतं. मी म्हणाले, भोक फार बारीक आहे. आणि भोक म्हटलं की ते पाडणारं कुणीतरी हवंच.

भावजयीच्या बांगड्यांत दोन-तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असायच्या. मी त्या काढायला लावल्या. तरी रिंग ढिलीच. मग मी तिच्या हिरव्या बांगड्यांकडे वळले. काचेची कड रबराला लागते, काढून ठेव, म्हणाले. ती दहावी पास, चार जणांत मान वर न करणारी. पण तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं.

"आक्का, हात रिकामं ठिवायचं?"

"आईची पाठ मोठी का तुझ्या बांगड्या?"

असा प्रश्न विचारला की समोरच्याला उत्तर उरत नाही. म्हणूनच तो मी विचारला. माझं लग्न झालेलं नाही, त्या बांगड्यांचं मला काडीचं कौतुक नाही, आणि दुसरीला असू नये असंही तेव्हा कुठेतरी वाटत असणार. तिने साबण लावून एकेक बांगडी उतरवली. दोन निघेनात, त्या वाढवल्या. संध्याकाळी भावाने तिचे हात बघितले, माझ्याकडे बघितलं आणि न जेवता शेडमध्ये गेला. मला तो बायकोच्या मुठीतला वाटला.

पहाटे रिंग पुन्हा ढिली होती. मी आईशेजारी पेपर तपासत बसले होते, तेव्हा भावजय आली.

"आक्का, एकदा दुपारी बघा. आता मी फुंकत न्हाय, तरी ती आपली आपण ताठ हुत्या."

मी पेपरातून मान वर केली नाही. "रबर म्हंजे काय भाकरी हाय व्हय, आपलं आपण फुगायला? फुकतीस आणि इसरतीस."

ती गेली. मी त्याच पेपरावर कुणाच्या तरी फुग्याला शून्य दिलं.

भोक सापडल्याशिवाय हवा भरून उपयोग नाही, या माझ्या हट्टापायी पुढे आठवडाभर पहाटे आईची पाठ तशीच टेकत राहिली. जखमेची कड काळी पडली.

मग रविवार आला. भावजय मुलांना घेऊन माहेरी बेळगुंदीला गेलेली, त्यामुळे दुपारी आईपाशी मीच होते. पत्रा तापलेला. आईला सरकवायला हात खाली घातला तर रिंग घट्ट, बोटाने दबेना. सकाळपासून तिला कुणी तोंड लावलेलं नव्हतं. गठ्ठ्यातला वरचा पेपर पंख्याने फडफडत होता आणि त्यावर माझाच प्रश्न उतरवलेला होता. पस्तीस अंश, पंधरा अंश. उकाड्यात, वर गरम श्वासाने भरलेली हवा पहाटेच्या गारठ्यात आक्रसणार, दुसरं काय करणार? भोक नव्हतंच. पोरांना पोपट म्हणणारी मी सगळ्यांत जुनी पोपट निघाले.

पण लाज वाटायच्या आधी मला काय वाटलं असेल? शोध लागल्याचा आनंद. संध्याकाळी निपाणीची मावशी आईला बघायला आली, तिला मी सगळं समजावून सांगितलं. आता पहाटे थोडी हवा भरायची, दुपारी थोडी सोडायची, की झालं. भावजय नुकतीच परत आली होती. ती चहा देऊन दारात उभी होती, तिच्या देखत सांगितलं.

"शिकल्यालं माणूस घरात असलं की असं," मावशी म्हणाली.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती वळली नाही. "तिनं कवाच सांगितलंतं की. तू पेपर तपासत हुतीस."

मावशीने कप बशीत ठेवला. भावजय पुढे झाली, आईला कुशीवर घेतलं, पट्टी सोडली. तिच्या मनगटावर बांगड्यांच्या जागी फिकट पट्टा उमटला होता. इतक्या दिवसांत मी त्या जखमेला एकदाही हात लावलेला नव्हता. मी उठले आणि मलमाची ट्यूब घ्यायला हात पुढे केला.

"तू ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "तुला दिसायचं न्हाय."