रिकामी गाडी आणि कमठाण्याचं वळण

आमच्या घरात सांगितली जाणारी एक गोष्ट खोटी आहे. कमठाण्याच्या वळणावर गाडी ज्वारीत घुसली ती माझ्या बायकोला चालवता येत नाही म्हणून, असं माझा धाकटा भाऊ प्रत्येक लग्नात रंगवून सांगतो. शेजारी बसून मीही हसलो आहे. यापुढे हसणार नाही, आणि कोणी हसला तर ऐकूनही घेणार नाही.

त्या दिवशी ती शेतातून मैलूरच्या घरी एकटीच येत होती. लागलं कोणालाच नाही. भावानं निकाल दिला, "वैनी, आता तुमी मागं बसत जावा." गाडीची किल्ली मी माझ्या खिशात टाकली.

ती एवढंच म्हणाली, "वळणावर अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढला की गाडीची मागची बाजू बाहेर सरकायलीय."

"मग आमच्या हातात कामून सरकत न्हाई?" मी विचारलं.

"तुमी कधी रिकामी चालवलाव? डिकीत तुरीची पोती, मागं तिघं जण."

मी ते कानाआड केलं. पुढच्या चाकांची अलाइनमेंट करून घेतली, पुढचे टायर बदलले. गाडी रस्ता सोडते म्हणजे दोष पुढेच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मग एका सकाळी पोती न टाकता एकटाच निघालो. त्याच वळणावर पाय काढला. स्टेअरिंग हातात स्थिर होतं आणि मागची बाजू कोणीतरी हिसका दिल्यासारखी बाहेर गेली. मागे फिरून पुन्हा वळण घेतलं. पुन्हा तेच.

गॅरेजवाला सवयीनं पुढे वाकला. मी त्याला मागे नेलं.

"साब, पीछे क्या रहता?"

"पहार घालून बघा."

मागच्या एक्सलला धरून ठेवणारा दांडा पहारीनं दाबताच बोटभर हलला. टोकातल्या रबरी बुशाच्या चिंध्या झाल्या होत्या. ओझं असलं की एक्सल दबून जागेवर राहायचा, रिकाम्या गाडीत मोकाट सुटायचा.

नवं बुश बसवलं. जुनं घरी आणून भावासमोर टीपॉयवर ठेवलं.

"जुनी गाडी हाय अण्णा, व्हायचंच. पण वैनीचं चालवणं..."

"गाडी अशी असताना तू रिकामी चालवलास का कधी? न्हाई ना? मग गप बस."

किल्ली तिच्यापुढे धरली. तिनं हात पुढे केला नाही.

"रबर फाटकं निघालं म्हणून देताव व्हय? धड निघालं असतं तर?"

मी किल्ली तशीच पुढे धरून ठेवली. शेवटी तिनं ती घेतली.

औरादला एका लग्नाला जायचं होतं. ती स्टेअरिंगवर, आम्ही दोघे भाऊ मागे. पहिलं वळण दिसताच भावानं दारावरचं हँडल पकडलं.

"सोड ते," मी म्हणालो.

त्यानं सोडलं.