निकालापर्यंत जमा

बाबांची तीनशे पंधरा बोरची रायफल सुरतेत, गोडादऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत आली, तेव्हा गावची जमीन विकून झाली होती. परवाना पीकरक्षणाचा, आणि खिडकीबाहेर दिवसरात्र लूमचा खडखडाट. तरी ते रोज दुपारी नळीतून तेलाचं फडकं ओढायचे आणि मला धडे द्यायचे. काडतुसांना ओल लागू द्यायची नाही. वारा आपल्याकडून डुकराकडे जात असेल तर जागा बदलायची. पळत्या जनावरावर गोळी नाही. त्याच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. वनखात्याची परवानगी असूनही उभ्या जन्मात त्यांनी तीनच रानडुकरं मारली होती.

मला या सगळ्याचा वैताग यायचा. घरात लहान मुलं, परवान्याच्या नूतनीकरणाचे हेलपाटे, आणि ‘सुरतमां शुं मारशो, काका?’ सुरतेत काय मारणार, असं हसून विचारणारे कारकून.

निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा करायचं आणि निकाल लागला की आणायचं, हे बाबांच्या अंगवळणी पडलेलं. मी त्याचाच फायदा घेतला. त्या वर्षी रायफल कायमची सरकारजमा करण्याचा अर्ज भरला. अर्ज गुजरातीत, बाबांना गुजराती वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. पावती नेहमीसारखी स्वतःच्या खिशात घातली.

‘निकाल लागना की येई ना रे?’

‘येईल की!’

निकाल लागला. ते विचारायचे आणि मी थापा मारायचो: साहेबांची बदली झाली, फाइल वर गेली, आता पुन्हा निवडणूक आलीये. दोन वर्षं मी हेच केलं. दुपारी ते फडकं मांडीवर घेऊन नुसते बसून राहायचे.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. त्यांच्या ट्रंकेत फडक्यात गुंडाळलेली ती पावती सापडली. गुजराती ओळींखाली त्यांच्याच वाकड्या अक्षरात मराठी अर्थ लिहिला होता, कुणाकडून तरी वाचून घेतलेला. ‘कायमची जमा.’ बाजूला तारीख होती, ठाण्यातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशीची.

म्हणजे दोन वर्षं ते रायफल मागत नव्हते. मी खरं बोलतो का, याची वाट बघत होते.

आता गल्लीत निकालाचे फटाके वाजले की जीव तुटतो. एकदाच विचारा हो, बाबा. या वेळी खरं सांगेन.